मार्केलचा डावा हात

हॅडली फोर्क, नेब्रास्का
सोमवार, १४ नोव्हेंबर २०११

प्रिय लुएलाताई,

इकडे सर्व ठीक आहे, असं पहिल्या ओळीत लिहायची आपल्या घरची पद्धत. गारपिटीने मका आडवा केला त्या वर्षीही बाबांनी आजोबांना लिहिलेलं पत्र याच ओळीने सुरू झालं होतं, आणि बाबा तर चर्चमध्ये उभं राहून खरं बोलायचा उपदेश करणारे. तेव्हा मीही लिहितो, इकडे सर्व ठीक आहे. तुमचा मका घरात आला असेल. ऑरिनची पाठ कशी आहे? तुझ्या नवऱ्याला म्हणावं, ट्रॅक्टरवरून उडी मारून उतरायचं वय गेलं.

फोन करता आला असता. पण तूच म्हणतेस की मी फोनवर बोलत नाही, व्याख्यान देतो, आणि ते संपेपर्यंत तुझी भांडी घासून होतात. कागद असला की निदान बसून वाचावं लागेल.

थेरन काल दुपारी जेवायला आला होता. पोर्क चॉप खाल्ले, बटाटे खाल्ले, उठताना ताटात पावाचा कणही ठेवला नाही. मग शेजारच्या बाईंचं फाटक निखळलं होतं ते बसवून दिलं. तुझा मुलगा चांगला आहे, ताई. हे त्याचा कोच म्हणून लिहीत नाही.

शनिवारचा आमच्या कॉलेजचा फुटबॉल सामना तुम्ही रेडिओवर ऐकलाच असेल. जिंकलो. आता हा शनिवार मोकळा, आणि त्यानंतरच्या शनिवारी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, घरच्या मैदानावर क्लेबर्नशी शेवटची गाठ. रेडिओवरच्या त्या गृहस्थाने चेंडू काखेत घेऊन धावणाऱ्या पोराचं नाव किती वेळा घेतलं ते मोजायचं मी सोडून दिलंय. ज्यांनी त्याच्यासाठी वाट फोडली त्यांचं नाव त्याने एकदा घेतलं, तेही चुकीचं.

यावर मी गेल्या आठवड्यात धान्य सोसायटीच्या जेवणात बोललो. म्हणालो, मंडळी, तुम्ही सगळे चेंडूकडे बघता. चेंडू जातो तिकडे तुमच्या माना जातात. पण चेंडू कुठे जाणार हे त्याआधीच ठरलेलं असतं, पाच जाड्या पोरांच्या पहिल्या पावलात. जगात जिथे म्हणून कुणी पुढे धावताना दिसतो, तिथे त्याच्या पुढे कुणीतरी आधीच मातीत लोळलेला असतो, आणि त्याचा फोटो छापला जात नाही. तेव्हा पुढच्या वेळी चेंडू सोडा, पाय बघा. यावर मागून आपला न्हावी म्हणाला, "पायच बघायचे तर आम्ही घोड्यांच्या बाजाराला जाऊ की, कोच. तिथे तिकीट नसतं." सगळे हसले. मीही हसलो. पण माझं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही.

आमच्या लहानपणी प्रत्येकाला समोरचा एकेक माणूस नेमून दिलेला असायचा. तुझा तो, माझा हा, जा आणि पाड. मी माझ्या पोरांना माणूस देत नाही, जमीन देतो. पाचांचंही पहिलं पाऊल एकाच क्षणी, एकाच दिशेला पडायला हवं. तुझ्या पट्ट्यात जो येईल तो तुझा. कुणी आला नाही, तर शेजाऱ्याला खांदा दे. अशी पाच माणसं एका अंगाने सरकली की समोरच्यांना भिंत सरकल्यासारखं वाटतं, आणि भिंतीला कुठे ना कुठे फट पडते. धावणाऱ्याने ती शोधायची. त्यात एकाचं जरी पाऊल उलट पडलं, तरी भिंत राहत नाही. एकमेकांवर आदळणारी पाच माणसं राहतात.

या पाचांच्या फळीच्या डाव्या टोकाला थेरन. त्याच्या उजव्या खांद्याशी मार्केल प्रुइट, तोच ओमाहाचा पोरगा, उन्हाळ्यात तुझ्याकडे येऊन रुबार्बची अख्खी गोड पाई संपवून गेला आणि तुला 'काकू' म्हणत राहिला. समोरचा गडी फारच धिप्पाड असला की हे दोघं कंबरेला कंबर लावून त्याला रेटतात. चार हात त्या एका छातीवर, पण चार डोळे त्याच्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्यावर. तो मागचा ज्याच्या बाजूने येईल, त्याने रेटा सोडून त्याला गाठायचं, आणि उरलेल्याने तो धिप्पाड गडी एकट्याने पेलायचा. कोण सोडणार हे आधी ठरत नाही, आणि बोलायला वेळ नसतो. एकमेकांच्या अंगावरून कळावं लागतं. ग्रीकांच्या पायदळात ढाल डाव्या हाताला असे, म्हणून अर्धी ढाल आपल्याला आणि अर्धी शेजाऱ्याला झाकायची. तेच हे. पोरांना मी पहिल्या दिवसापासून एकच सांगतो की शेजाऱ्याला एकटा टाकून लवकर निघायचं नाही. बाकी सगळं शिकवता येतं. हे ज्याच्या अंगात उतरत नाही, त्याला मी फळीत घेत नाही.

मुद्द्यावर येतो. तू समोर नाहीस तरी तुझं ते 'एल्डन' मला ऐकू येतंय.

काल थेरन गेल्यावर मी शनिवारच्या सामन्याची चित्रफीत लावून बसलो. आमचा एक कॅमेरा गोलच्या मागे उंचावर असतो. त्यातून चेहरे दिसत नाहीत, पाठी आणि पाय दिसतात. डावी बाजू इतकी चांगली चालली होती की मी ती मौजेसाठी पुन्हा लावली. तेव्हा एक गोष्ट दिसली. प्रत्येक धावेच्या आधी मार्केलचा डावा हात मांडीवर असतो, आणि चेंडू हलायच्या जरा आधी त्याची मूठ मिटते नाहीतर पंजा उघडतो. मूठ असेल तेव्हा आमची फळी डावीकडे जाते. पंजा असेल तेव्हा उजवीकडे.

माझं डोकं फिरलं. हीच चित्रफीत क्लेबर्नच्या कोचकडेही जाते. त्यांच्यातल्या एखाद्या शहाण्याला हे दिसलं, तर आम्ही कुठे जाणार हे आम्ही निघायच्या आधी त्यांना कळणार. मार्केलला तसाच बोलावून घेतला आणि सोडला नाही. म्हणालो, तू क्लेबर्नला टपालाने आमचे डाव का पाठवत नाहीस, पोस्टाचा खर्च मी करतो. अजून बरंच म्हणालो. तो जमिनीकडे बघत उभा राहिला. इतका वेळ मला बोलू देणारा पोरगा नाही तो. एरवी एकाला दोन ऐकवतो.

शेवटी म्हणाला, "कोच, मी हात दाखवला नाही, तर तो उलट्या बाजूला जातो."

मी विचारलं, कोण.

 फळीत त्याच्या डाव्या हाताला एकच जण उभा असतो, ताई.

मी चित्रफीत पुन्हा लावली, आणि या वेळी हात सोडून मान बघितली. फळीतला माणूस चेंडू हलण्याआधी शेजाऱ्याकडे बघत नाही, समोर बघतो. थेरनची मान दर वेळी जरा आत वळते. मार्केलच्या हाताकडे. मग समोर.

ऑक्टोबरमध्ये त्याच्या डोक्याला कुणाचा तरी गुडघा लागला होता, आठवतं? तुला त्याने फोनवर 'जरासा धक्का' म्हणून सांगितलं होतं. तेव्हा त्याला बाहेर काढून दवाखान्यात नेलं होतं, संगणकावरची परीक्षा घेतली होती, आणि निकाल अगदी ऑगस्टसारखाच आला होता. मेंदूला काही झालेलं नाही, खेळू द्या. मीही निश्चिंत झालो. मार्केलने मला काल सांगितलं की ऑगस्टमध्ये, हंगामाआधी, ही पहिली परीक्षा होते तेव्हा पोरं मुद्दाम चुकीची उत्तरं देतात. जुनी पोरं नव्यांना शिकवतात, 'ऑगस्टात मठ्ठ व्हायचं.' म्हणजे पुढे कधी डोक्याला लागलं आणि खरोखरच मठ्ठ झालो, तरी आकडे जुळतात आणि बाहेर बसावं लागत नाही. कपडे बदलायच्या खोलीतला हा हसण्यावारी न्यायचा विषय आहे. थेरननेही तसंच केलं होतं. ऑगस्टात खोटा मठ्ठ झाला, आणि ऑक्टोबरात त्या खोट्या आकड्याला खरा आकडा जुळला.

संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो. सगळे डाव विचारले. घडाघडा म्हणून दाखवले, माझ्यापेक्षा बरे. पण मैदानावर समोरची माणसं हलली की फळीच्या मधोमध उभा असलेला आमचा सेंटर ऐन वेळी ओरडून डाव फिरवतो, आणि तिथे त्याचं डावं-उजवं उलटं होतं. त्याला हे माहीत आहे की नाही, हेही मला धड कळलं नाही. म्हणाला, "मामा, एकच सामना उरलाय. मला काही होत नाही. मार्केलला उगाच काळजी करायची सवय आहे." मग म्हणाला, "तू आईला सांगणार नाहीस ना?"

 हे पत्र हेच उत्तर.

आज सकाळी मुख्य कोच गॅरिटीकडे गेलो. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "एल्डन, तू पाय बघ. डोकी डॉक्टर बघतील." वाईट माणूस नाही तो. डॉक्टर नको म्हणाल्या तर एक मिनिटही उतरवणार नाही, असंही म्हणाला. मग डॉ. इन्स्किप यांच्याकडे गेलो. त्या म्हणाल्या, माझ्याकडे दोन परीक्षा आहेत आणि त्या जुळतात. मुलगा म्हणतो डोकं दुखत नाही. तुमचा हात आणि तुमची मान हा फुटबॉलचा विषय झाला. हा मुलगा ऑगस्टच्या आधी कसा विचार करायचा, हे ज्याला माहीत आहे असं कुणी असेल तर मला भेटवा, मी वेगळी तपासणी लावते.

असं माणूस कोण, ते तुला मी सांगायला नको.

क्लेबर्नच्या सामन्याला मोठ्या व्यावसायिक संघांची माणसं येणार आहेत, आणि ती थेरनला बघायला येणार आहेत. हे मी लपवत नाही. तो एकवीस वर्षांचा आहे, तुझ्या सहीला इथे किंमत नाही. तुझ्या ओळखीला आहे. तू आलीस आणि बोललीस, तर तो बहुतेक पुन्हा कधी खेळणार नाही, आणि हे कुणामुळे झालं ते त्याला कायम माहीत असेल.

माझं मत तुला विचारायचं असेल तर ते या पत्राच्या प्रत्येक ओळीत आहे. पण आई तू आहेस.

तुझा,
एल्डन

*

ओल्सन क्रॉसिंग
गुरुवार, १७ नोव्हेंबर

एल्डन,

माझ्या मुलाच्या डोक्यापर्यंत यायला तुला चार पानं लागली. आधी न्हावी, मग घोडे, मग ग्रीक लोक. बाबाही असेच होते. कुणी गेल्याचं सांगायला गेले की आधी अब्राहामापासून सुरुवात करायचे, आणि ऐकणारा बिचारा टोपी हातात धरून उभा.

ऑरिनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, पोरगा बरा आहे म्हणतोय तर बरा आहे, आणि एल्डनला प्रत्येक गोष्टीत काहीतरी मोठं दिसतं. मग धान्याच्या कोठाराकडे गेला. कोठारावर त्याने थेरनचा आकडा रंगवलाय ना, सहा फुटी, रस्त्यावरून दिसतो असा. तिथे बराच वेळ काहीतरी ठोकत होता. ठोकण्यासारखं तिथे काही नाही.

तुझ्या पत्रावर रागावून मी ते दोन दिवस ब्रेडच्या डब्यामागे ठेवलं. मग एक गोष्ट आठवली आणि राग धरता येईना.

ऑक्टोबरच्या शेवटी तो एका रविवारी घरी आला होता. जेवण झाल्यावर पत्ते आणि गुण मोजायच्या खुंट्यांची पाटी काढून आम्ही क्रिबेज खेळायला बसलो. सहा वर्षांचा असल्यापासून तो माझ्याशी हा डाव खेळतो. पानं टाकली रे टाकली की त्याची बेरीज तोंडावर तयार असायची, आणि मी बोटांवर मोजत बसले की म्हणायचा, "आई, तू मोज, मी तोवर गाई दोहून येतो." त्या दिवशी मी जिंकले. दोनदा. त्याने एकदा हातातले गुण कमी मोजले, एकदा खुंटी माझ्या बाजूच्या भोकांत सरकवली. मला वाटलं, मोठा झाला माझा मुलगा, म्हाताऱ्या आईला जिंकू देतोय. मी त्याला चिडवलं, कॉलेजात जाऊन फार सभ्य झालास म्हणून. तो हसला. मला इतका आनंद झाला होता की ते मी बायकांच्या शिवण मंडळात सांगितलं.

आता मी दुसरं काहीच बघू शकत नाहीये, फक्त ती खुंटी.

तो तुझ्यावर आणि माझ्यावर रागावणार आणि आपण ते पत्करायचं, हे तू लिहिलंस. पण मार्केलचं काय ते लिहिलं नाहीस. त्याने तुला सांगितलं हे थेरनला कळलं का? फळीतली गोष्ट बाहेर बोलायची नाही, हे तूच शिकवतोस ना या पोरांना? तर मग तुझ्या शिकवणीप्रमाणे तो पोरगा आता कोण ठरतो, याचा विचार कर. ग्रीकांना नंतर विचार.

बुधवारी सकाळी येते. ऑरिन गाडी चालवेल. तो काही बोलणार नाही, पण त्याने स्वतःहून तेल भरून आणलंय. डॉक्टरबाईंना सांग, मी पत्त्यांचा जोड घेऊन येतेय.

लुएला

*

हॅडली फोर्क
सोमवार, २८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुम्ही सुखरूप पोचलात हे ऑरिनकडून कळलं. फोनवर त्याने तेवढंच सांगितलं आणि मग बराच वेळ ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

बुधवारी तुझं ऐकून डॉक्टरबाईंनी वेगळी तपासणी केली, त्याला खेळायला मनाई केली, आणि तू त्यांच्या खोलीतून बाहेर आलीस तेव्हा थेरन तुझ्या शेजारून निघून गेला, ते मी पाहिलं. तुझा हात पुढे आलेला होता, तोही पाहिला. मग तुम्ही थँक्सगिव्हिंगला न थांबता परत गेलात. गुरुवारी तो माझ्याकडेही जेवायला आला नाही. टर्की मी आणि मार्केल खात बसलो होतो, दोघांचंही लक्ष दाराकडे. मार्केलशी तो आठवडाभर एक शब्दही बोलला नव्हता.

तुझ्या पत्रातल्या त्या प्रश्नाचं उत्तर मी शोधतोय. वीस-पंचवीस वर्षं मी पोरांना एकच गोष्ट शिकवली, की शेजाऱ्याला झाकायचं. मार्केलने ती माझ्यापेक्षा चांगली पाळली. स्वतःचं पाऊल अर्ध्या क्षणाने उशिरा टाकून, स्वतःचा माणूस आणि थेरनचा माणूस असे दोन्ही पेलून, महिनाभर त्याला झाकला. माझ्या शिकवणीतलं जे सगळ्यात चांगलं, त्याच्याच आड तुझ्या मुलाचं दुखणं लपलं होतं. म्हणून ती शिकवण खोटी, असं मी म्हणणार नाही. कुणी म्हटलं तर त्याच्याशी भांडेन. पण झाकायचं कुणापासून, हे मी कधी सांगितलं नव्हतं. समोरच्या अकरा जणांपासून झाकायचं. डॉक्टरांपासून नाही, आईपासून नाही. हे वाक्य इतकं साधं आहे, आणि मी, दर आठवड्याला कुठे ना कुठे उभा राहून बोलणारा माणूस, ते एकदाही बोललो नाही. शुक्रवारी सगळ्या फळीला बसवून बोललो. मार्केलचं नाव घेऊन बोललो, म्हणालो, या खोलीत खरा फळीतला माणूस कोण हे मला कळलंय. कुणी मान वर केली नाही. थेरन तिथे नव्हता.

शनिवारी आम्ही हरलो. रेडिओवर ऐकलं असशील तर ठीक, नसशील तर माझ्याकडून ऐक.

थेरनच्या जागी दुसऱ्या वर्षाचा सायलस होता. जीव तोडून खेळला. त्याच्यासाठी मी आमची जमिनीची पद्धत बरीचशी बाजूला ठेवली, त्याला जुन्यासारखा एक माणूस नेमून दिला, आणि मार्केलला पलीकडून धावत आणून वाट फोडायला लावली. चाललं. पण अगदी शेवटी एक यार्ड हवा होता, आणि गॅरिटीने डावीकडचा तो जोडीचा रेटाच मागितला. एका यार्डासाठी त्याहून भरवशाचं आमच्याकडे काही नाही. त्याच्या जागी मीही तोच मागितला असता. मार्केल आणि सायलसने मिळून त्या धिप्पाड गड्याला हलवला. अजून एक पाऊल हवं होतं. तेवढ्यात सायलसचे डोळे मागच्यावर गेले आणि डोळ्यांमागे अंग गेलं. लवकर सोडलं. तो गडी मार्केलच्या खांद्यावरून आत घुसला आणि आमच्या धावणाऱ्याला जागच्या जागी झोपवला. 

सायलस माझ्याकडे रडत आला. मी त्याला म्हणालो, असं सगळ्यांचं होतं, पुढच्या वर्षी होणार नाही. पुढच्या वर्षी फळी मी शिकवेन की नाही, हे अजून ठरलेलं नाही. गॅरिटीने पत्रकारांना खरं तेच सांगितलं, की डॉक्टरांनी मनाई केली होती. पण गावात मला दुसरंच ऐकू येतंय. काल चर्चमध्ये न्हाव्याने माझ्या बाजूची खुर्ची सोडून पुढच्या रांगेत बस्तान मांडलं. त्याला पायांवरचं माझं भाषण आता नको असणार.

यातलं काही फार महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं आता लिहितो, आणि या वेळी अब्राहामापासून सुरुवात करत नाही.

थेरन सामन्याला आला होता. मला वाटलं नव्हतं येईल. साध्या कपड्यांत, संघाचं जाकीट घालून, पूर्ण वेळ रेघेच्या कडेला उभा राहिला, माझ्यापासून लांब. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी मनात म्हणालो, बघ बाबा, माझा राग कर, पण बघ.

सामना संपल्यावर सगळे आत गेले. मी बाकावर बसलो होतो. तो येऊन शेजारी बसला. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला, इतका तो रुंद आहे.

म्हणाला, "शेवटच्या डावाला सेंटर काय ओरडला ते मला ऐकू आलं, मामा."

मी म्हणालो, बरं.

"मी सगळा सामना मनात खेळत होतो. तो ओरडला की मी माझं पाऊल टाकायचो. इथेच, उभ्या उभ्या. आणि मग आपली फळी कुठे जाते ते बघायचो."



"बऱ्याच वेळा मी दुसरीकडे गेलो होतो," तो म्हणाला. "शेवटच्यालाही. सायलसने नुसतं लवकर सोडलं. मी मार्केलवरच आदळलो असतो."

ताई, तुला माहीत आहे, मला कुठेही बोलायला सांगा, मी बोलतो. लग्नात, मयताला, सोसायटीच्या जेवणात. माझ्याकडे त्या क्षणाला एक शब्द नव्हता. आणि बरं झालं नव्हता.  माणसं खुर्च्यांखालचे कागदी पेले गोळा करत होती.

मग तो म्हणाला, "मला वाटायचं तो उगाच करतो. मार्केल."

उठला आणि कपडे बदलायच्या खोलीकडे गेला. मी मागे गेलो नाही. काही वेळाने गेलो तेव्हा मार्केल अजून पूर्ण पोशाखात बसलेला होता, आणि थेरन त्याच्या पुढ्यात खाली बसून त्याच्या घोट्याच्या पट्ट्या कात्रीने कापून काढत होता.  मी दार लावून घेतलं.

डॉ. इन्स्किप म्हणतात की विश्रांती घेतली तर बरंचसं भरून येईल. किती भरून येईल ते सांगत नाहीत, आणि त्या सांगत नाहीत म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास आहे. खेळ संपला, हे मात्र त्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं. तो 'हो' म्हणाला. आमच्यावरचा त्याचा राग गेलाय असं समजू नकोस. तो गेलेला नाही. कधी जाईल, जाईल की नाही, हे मला माहीत नाही, आणि त्याला घाई करायला लावायचा आपल्याला हक्कही नाही.

पण परवा, बुधवारी, तो तुझ्याकडे येतोय. हे त्याने स्वतः ठरवलं. सकाळी माझ्या दारात आला, बॅग पायाशी ठेवली. त्याची ती जुनी पिकअप तुला माहीत आहे. त्या गाडीला तो ऑरिनलाही हात लावू देत नाही, मला तर एकदा मागच्या फळकुटावर टेकलो म्हणून ओरडला होता. तिची किल्ली त्याने खिशातून काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं स्वतः मिटवली. म्हणाला, "वाटेत वळणं फार आहेत, मामा."

मी का म्हणून विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

बुधवारी दुपारपर्यंत पोचवतो त्याला.

थेरनचा मामा,
एल्डन